‘लाइन’ : एका शब्दाचा प्रपंच



व्याख्यानाचा विषय कळवा म्हणून मंडळाच्या चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा आम्ही एकच शब्द कळविला, ‘लाइन’. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस पुन्हा आमच्या दारात उभा. म्हणाला, ‘साहेबांनी विचारलंय, कोणची लाइन? लाइटीची, रेल्वेची, का पाण्याची?’ आम्ही म्हणालो, ‘सगळ्याच.’ तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘मग एका तासात कसं भागंल, सर?’

त्याची शंका रास्त होती. आणि खरे सांगायचे तर आमचे निम्मे व्याख्यान त्याने दारातच देऊन टाकले. ‘कोणती लाइन?’ असे ज्या शब्दाबद्दल विचारावे लागते, तो शब्द एकटा उभा राहिला तर काहीच सांगत नाही. आणि तरीही त्याच्यावाचून आपला एक दिवसही जात नाही. हा काय चमत्कार आहे, तो शब्द आला कुठून, इतके अर्थ त्याच्या अंगावर चढले कसे, आणि त्यापायी आपण काही गमावीत आहोत काय, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम परभणीतल्या एखाद्या साध्यासुध्या गृहस्थाचा दिवस घेऊ. सकाळी उठून तो नळ सोडतो, तो नळ कोरडा. शेजारी सांगतो, ‘मेन लाइन फुटली.’ पंखा थांबतो; आतून आवाज येतो, ‘लाइन गेली!’ पुण्याकडे ‘लाइट गेले’ म्हणतात, पुस्तकात ‘वीजपुरवठा खंडित झाला’ असे छापतात. पण आपल्या मराठवाड्यात जाते ती लाइन आणि येते तीही लाइनच. तो बँकेत जातो, तिथे लाइन लागलेली. पुढचा माणूस दटावतो, ‘काका, लाइनीत या.’ फोन लावावा तर ‘लाइन लागत नाही.’ वाटेत सोयरा भेटतो, विचारतो, ‘पोरगं कोणत्या लाइनला घातलं?’ हा म्हणतो, ‘सायन्स लाइनला.’ मग दुसऱ्या पोराची गोष्ट निघते; ते काही शिकले नाही, ड्रायव्हर लाइनला गेले, पण हल्ली ‘लाइनीवर आलं आहे.’ शिंप्याकडे झंपर टाकायला गेलेली गृहिणी विचारून येते की लायनिंगचे किती पडतील. संध्याकाळी पाहुण्यांना सोडायला स्टेशनावर जावे तर गाडी बाहेर उभी. का, तर लाइन क्लिअर नाही. त्या गाडीतून उतरणारा जमादार पोलीस लाइनीत राहतो. घरी येऊन क्रिकेट लावावे तर गोलंदाजाची लाइन आणि लेंथ बिघडलेली. कॉलेजच्या कोपऱ्यावर या शब्दाला ‘मारणे’ हे क्रियापद लावून तरुण मंडळी जो अर्थ घेतात, तो आम्ही येथे सांगत नाही. तो ज्याला ठाऊक नाही असा श्रोता या मांडवात नसावा.

ही झाली दहा-बारा लाइनींची बेरीज, आणि आम्ही अजून शेतात गेलोच नाही. तिकडे शेवटी जाऊ.

इंग्रजीत असे बहुअर्थी शब्द पुष्कळ आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तिच्यात सर्वांत लांब नोंद होती ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची. त्याचे चारशेंहून अधिक अर्थ तिथे दिले आहेत. ‘लाइन’ त्याच्याइतका श्रीमंत नसला तरी त्याच कुळातला. पण अर्थांची संख्या मोजून काही हाती लागत नाही. झाडाची पाने मोजल्याने झाड समजत नाही. खोड कुठे आहे ते पाहावे लागते. ‘लाइन’चे खोड कुठे आहे?

मंडळी, ते आपल्या रानात आहे. लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस. होय, आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, रब्बीत ज्याची निळी निळी फुले काळ्या रानात डोलतात, तेच हे जवस. आपण त्याचे बी घेतो, तेल काढतो. युरोपात त्याचीच उंच वाढणारी जात पेरून तिच्या ताटांपासून तंतू काढीत. आपल्याकडे अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात, तशीच तीही ताटे पाण्यात कुजवीत आणि मग त्यांचा धागा वळीत. जवसाच्या त्या धाग्याला लॅटिनमध्ये नाव पडले ‘लिनेआ’. हीच आपल्या ‘लाइन’ची आजी. जवसाच्या कापडाला इंग्रजीत म्हणतात ‘लिनन’, जवसाच्या बियाला ‘लिनसीड’, आणि कोटाच्या आतून जवसाचे कापड लावीत म्हणून अस्तर झाले ‘लायनिंग’. शिंप्याचे लायनिंग आणि रेल्वेची लाइन या दोघी एकाच घरच्या, हे त्या बिचाऱ्या शिंप्याला ठाऊक नाही आणि स्टेशन मास्तरालाही नाही.

आपल्याकडेही जवसाचा धागा अपरिचित नव्हता. संस्कृतात ‘क्षुमा’ म्हणजे जवस आणि त्याच्या तंतूंचे वस्त्र ते ‘क्षौम’. पुढे आपला सारा जीव कापसावर जडला आणि जवस तेलापुरते उरले.

आता हा धागा हातात धरून चला म्हणजे सगळी गर्दी आपोआप मार्गी लागते. धागा जाड केला की दोरी झाली. म्हणून मासेमाराच्या गळाची दोरी ती लाइन, कपडे वाळत घालण्याची दोरी ती लाइन. दोरी ताणून धरली की सरळ आखणी करता येते. गवंडी भिंत घेताना तेच करतो, आणि तो तिला ‘लाइनदोरी’ म्हणतो. बिचाऱ्याने नकळत एकच शब्द दोन भाषांत दोनदा म्हटला! दोरीने आखणी केली की तिथे खूण उरते. ती रेघ, ती रेषा. रेघेवर अक्षरे मांडली की लिखाणाची ओळ झाली. रेघेवर माणसे उभी केली की रांग झाली. रांगेत तंबू ठोकले, मागाहून तंबूंच्या जागी बराकी आल्या. शिपायांच्या राहण्याच्या त्या जागेला इंग्रजांच्या छावणीत ‘लाइन्स’ म्हणत. तिथून नागपूरची सिव्हिल लाइन्स आली आणि गावोगावची पोलीस लाइनही. धाग्याची दोन टोके एकमेकांशी जोडलेली असतात, म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला जोडणारा लोखंडी मार्ग ती लाइन. तारायंत्राची तार ती लाइन. टेलिफोनची, विजेची, पाण्याची, सगळ्यांची लाइन. बापापासून मुलाकडे वंशाचा धागा जातो तीही लाइन. आणि माणूस ज्या मार्गाने पोट भरतो तोही एक मार्गच. म्हणून धंदा ती लाइन. आपण ‘पोरगं कोणत्या लाइनला’ म्हणतो ते केवळ गावंढळ बोलणे नव्हे; इंग्रजही हा शब्द धंद्याच्या अर्थाने वापरतो.

पाहा, अर्थ वेगवेगळे. पण एकही उपरा नाही. सगळे एका धाग्यात ओवलेले. शब्दाचे अर्थ वाढतात ते गवतासारखे वाटेल तसे माजत नाहीत. एका अर्थाच्या अंगाला दुसरा फुटतो, दुसऱ्याच्या अंगाला तिसरा. मधली फांदी विसरली की शेंड्याकडे पाहून आपण बुचकळ्यात पडतो, एवढेच.

आणि ही वाट काही एकट्या इंग्रजाला सापडली असे नाही. आपले ‘सूत्र’ घ्या. मूळ अर्थ धागा. त्याच धाग्यात नियम ओवले आणि पाणिनीची सूत्रे झाली. सभेची सूत्रे हाती घेणारा सूत्रसंचालक झाला, नाटकाचा सूत्रधार झाला. आणि ‘ओवी’? ओवी हा शब्द ‘ओवणे’ यावरून आला असे मानतात. म्हणजे इंग्रजाच्या कवितेची ओळ जवसाच्या धाग्यातून निघाली, आणि आपल्या आयाबायांची जात्यावरची ओवी सुईदोऱ्याच्या ओवण्यातून निघाली. संत जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे. दळता-कांडताना शब्दात शब्द ओवण्याची ती कला कुणा परक्या भाषेकडून शिकावी लागली नाही. माणसाचे मन टायबर नदीच्या काठी जसे चालते तसेच गोदावरीच्या काठीही चालते, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

धाग्याचे सगळेच उपयोग मात्र इतके सौम्य नाहीत. ‘डेडलाइन’ हा शब्द आज कचेरीतला शिपाईसुद्धा वापरतो. अर्ज भरण्याची शेवटची तारीख ती डेडलाइन. हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातला आहे. १८६४ साली जॉर्जिया प्रांतात अँडरसनव्हिल येथे युद्धकैद्यांचा एक तळ होता. कुंपणाच्या आत काही अंतरावर एक मर्यादा आखलेली असे आणि ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालीत. ती ‘मरणाची रेघ’. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांनी तो शब्द उचलला आणि बातमी देण्याच्या अखेरच्या घटकेला लावला. आज पीकविम्याची डेडलाइन चुकली म्हणून आपण हळहळतो, तेव्हा त्या शब्दाखाली कुणाचे रक्त सांडले आहे याची आपल्याला कल्पनाही नसते.

आणि नकाशावरच्या रेघा? अफगाणिस्तानकडची ड्युरँड लाइन १८९३ ची, तिबेटकडची मॅकमहोन लाइन १९१४ ची. सर सिरिल रॅडक्लिफ नावाचे एक वकील १९४७ च्या जुलैत हिंदुस्थानात प्रथमच आले. काही आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल यांच्यावर रेघ ओढली आणि १७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर, ती लोकांना कळली. त्या रेघेने किती घरे चिरली ते सांगण्याची गरज नाही. काश्मिरात युद्ध थांबले ती युद्धबंदी रेषा, आणि १९७२ च्या सिमला करारानंतर झाली ती नियंत्रण रेषा. आपणही रेघेचा अनुभव घेतलेला आहे; १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाच्या जुन्या प्रदेशावर भाषेच्या रेघा पडल्या आणि मराठवाडा आपल्या मराठी भावंडांत आला. पहिल्या रेघेने तोडले, दुसरीने जोडले. शब्द मात्र एकच.

आता हा शब्द आपल्या घरात शिरला कसा, ते पाहू. आमच्या मते तो आगगाडीतून आला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज गाडी निजामाच्या मुलखातून धावू लागली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही नावे त्या मार्गाने जोडली गेली. निजामी राज्याचा कारभार उर्दूत, घरात मराठी, बाजारात दखनी. पण गाडीचा कारभार इंग्रजीत. तीन भाषा आधीच नांदत होत्या, चौथीला आपण पाट मांडला. लोखंडाच्या त्या दोन पट्ट्यांना कुणी रूळ म्हणाले, कुणी पटरी म्हणाले. पण सारा मार्ग, गाड्यांची ये-जा आणि रेल्वेची नोकरी हे सगळे मिळून जे काही झाले, त्याला एकच शब्द जमला, ‘लाइन’. अरुंद ती छोटी लाइन, रुंद ती मोठी लाइन. १९९० च्या दशकात मनमाड-परभणी मार्ग रुंद झाला, पूर्णा-अकोला २००८ साली झाला. छोटी लाइन गेली, पण शब्द राहिला.

मग तारा आल्या, खांब आले. खांबावर चढणारा माणूस आला, त्याचे सरकारी नाव ‘लाइनमन’. हे ध्यानात घेण्याजोगे आहे. खेड्यातल्या माणसाची विजेशी ओळख वीज मंडळाच्या अहवालातून झाली नाही, ती या माणसातून झाली. आणि ज्याला आपण लाइनमन म्हणतो, त्याच्याबरोबर जे येते आणि त्याच्याचमुळे जे परत मिळते, ती लाइन! ‘लाइन गेली’ ही आपली खास मराठवाडी म्हण अशी रीतसर जन्मली आहे. तिला अशुद्ध म्हणून हिणवण्याचा कुणालाच अधिकार नाही. तारेतून येणाऱ्या शक्तीला तारेचे नाव देणे, हा भाषेचा जुना परिपाठ आहे. आपण ‘चूल बंद आहे’ म्हणतो तेव्हा बंद असतो तो स्वयंपाक.

म्हणून आम्ही आरंभीच सांगून टाकतो की परक्या शब्दाला दारातून हाकलून द्या, असे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले. तो स्वाभिमान थोर होता. पण पुष्कळसे फारसी शब्द राहिलेच. ‘सरकार’ राहिले, ‘जमीन’ राहिली, ‘कागद’ राहिला, आणि आज ते परके आहेत असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. ‘लाइन’ही तसाच राहील. त्याला आपण स्त्रीलिंग दिले, ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’, ‘लाइनीला’ असे मराठी प्रत्यय दिले. इंग्रजाला ‘लाइनीवर आणणे’ म्हटले तर ओळखूही येणार नाही. सून एकदा घरची झाली की तिचे माहेर काढून दाखवू नये.

मग तक्रार कशाची? तक्रार सुनेची नाही, तिच्यामुळे घरातल्या बाकीच्या माणसांना आपण हाक मारायचे विसरलो, याची आहे.

आता शेतात चला. तिफणीच्या फणांनी रानात ओरखडे उठतात, त्या काकऱ्या. त्यांतून पीक वर आले म्हणजे ते तास. खुरपायला बायका बसल्या की एकेकीच्या वाट्याला येते ती पात. पातीला लागलेली बाई पात सोडून उठत नाही. पाणी धावते ती सरी, सरीच्या कडेचा उंचवटा तो वरंबा. आपले रान आणि शेजाऱ्याचे रान यांच्यामधला तो धुरा. बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पडते ती चाकोरी. जनावर गेल्याची खूण तो माग. घरात आलात तर मडक्यांची उतरंड, जेवणाऱ्यांची पंगत, रुपयांची चळत, केसांतला भांग, कपाळावरची आठी. वहीत रेघ, भूमितीत रेषा, कवितेत ओळ, तिकिटाच्या खिडकीपुढे रांग. गवंड्याच्या हातात ओळंबा. नाटकातल्या नटाच्या वाट्याची वाक्ये लिहिलेली ती ‘नक्कल’. आणि हे सगळे वाक्य ज्या लिपीत छापले जाईल, तिच्या डोक्यावर ओढलेली ती शिरोरेघ.

यांतला प्रत्येक शब्द काही तरी जास्त सांगतो. ‘तास’ म्हटले की पीक उगवलेले आहे हे कळते. ‘पात’ म्हटले की तिथे कुणी तरी राबत आहे हे कळते. ‘धुरा’ म्हटले की दोन मालक आहेत आणि कदाचित कोर्टात एक दावाही आहे, हे कळते. ‘पंगत’ म्हटले की पत्रावळी दिसतात. आता या सगळ्यांच्या जागी ‘लाइन’ घालून पाहा: कपाशीची लाइन, बायकांची लाइन, दोन शेतांमधली लाइन, जेवणाऱ्यांची लाइन. काम भागते, पण डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. आणि हे उदाहरण आम्ही कल्पनेने रचलेले नाही. शेतकऱ्यांची तरुण मुले आजकाल ‘कापसाच्या दहा लाइनी खुरपायच्या राहिल्या’ असे बोलताना आम्ही ऐकली आहेत. त्यांना ‘तास’ म्हटले तर ते घड्याळाकडे पाहतात.

यावर कुणी म्हणेल, इंग्रजीतही ‘लाइन’ एकच आहे, त्यांचे कुठे अडते? अडत नाही, त्याला कारणे दोन. पहिले, त्यांनी ‘लाइन’च्या शेजारी ‘रो’, ‘क्यू’, ‘रोप’, ‘फरो’, ‘स्ट्राइप’ ही भावंडे जिवंत ठेवली आहेत. दुसरे, ते ‘लाइन’ला एकटी पाठवीत नाहीत. पाण्याची असेल तर ‘पाइपलाइन’, विजेची असेल तर ‘पॉवरलाइन’, रेल्वेची असेल तर ‘रेल्वेलाइन’. पुढे ओळखीची पाटी लावून पाठवितात. आपण काय केले? पाटी उपटून टाकली आणि नुसता खांब ठेवला. सगळ्याच लाइनी ‘लाइन’ झाल्या.

त्याने काय बिघडते, ते आता सांगतो, आणि हे सांगण्यासाठीच आम्ही आजचा विषय घेतला आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टापूत शेती करतो. घरी दोघे भाऊ. विहिरीवर विजेची मोटार, तिथून शेतभर पाइप. एके दिवशी मोटार चालेना. धाकटा विहिरीत उतरला, वायरीचा जोड तपासू लागला. थोरला वर, पाइपाच्या व्हॉल्व्हाशी. धाकट्याने खालून ओरडून विचारले, ‘लाइन बंद केली का?’ थोरल्याने व्हॉल्व्ह नुकताच आवळला होता. त्याने वरून ओरडून सांगितले, ‘केली!’

दोघेही खरे बोलले. दोघांचेही मराठी स्वच्छ. धाकट्याने वायरीला हात लावला.

तो वाचला. धक्क्याने मागे फेकला गेला आणि पायरीवर आदळला, म्हणून वाचला. तळहात भाजला, आजही त्याच्या दोन बोटांना पुरती मूठ वळत नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा थोरला सारखे एकच वाक्य म्हणत होता, ‘सर, मी खोटं बोललो नव्हतो हो.’ खरोखरच तो खोटे बोलला नव्हता. त्या दोघांच्या मधोमध विहिरीच्या तोंडावर एक शब्द उभा होता. त्याची एक बाजू खाली दिसत होती आणि दुसरी वर.

त्यांची आई मात्र मोठी शहाणी. शाळेत न गेलेली बाई. तिने त्या दिवसापासून घरात शिस्त घातली, ‘करंटाला करंट म्हणा अन् नळीला नळी म्हणा. लाइन म्हणायचं नाही.’ पाहा, तिने इंग्रजी शब्दाला विरोध केला नाही. ‘करंट’ हाही इंग्रजीच. तिने एवढेच पाहिले की वस्तू दोन असतील तर नावेही दोन हवीत. आम्ही भाषाशास्त्राची पुस्तके चाळली आहेत, पण शब्दाच्या शुद्धतेची याहून चोख व्याख्या आमच्या वाचनात आलेली नाही. जो शब्द ऐकणाऱ्याला नेमकी वस्तू दाखवितो तो शुद्ध. मग तो परभणीचा असो की लंडनचा.

हे ज्ञान रेल्वेवाल्यांना फार आधीपासून आहे. मिरखेल आणि पिंगळी ही आपल्या जवळची लहान स्टेशने. लाइन एकेरी असली की तिच्यावर दोन बाजूंनी दोन गाड्या येऊन चालत नाही. म्हणून पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय मागचे स्टेशन गाडी सोडीत नसे. आणि केवळ तोंडाच्या शब्दावर विसंबून न राहता यंत्रातून एक टोकन निघे, ते चालकाच्या हाती पडले तरच गाडी हले. ‘लाइन क्लिअर’ या दोन शब्दांचा रेल्वेत एकच अर्थ; त्याला दुसरा अर्थ असता तर माणसे मेली असती. खांबावर चढणारा लाइनमनही लेखी परमिट घेऊन, तारेला अर्थिंग करून मगच हात लावतो, किंवा लावावा, असा नियम आहे. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे शहाण्या माणसांनी शब्दाला एकाच अर्थाची वेसण घातली आहे. आपल्या विहिरीवर मात्र आपण मोकळे.

मग आम्ही आपल्याला काय सुचवावे? शब्दाला बंदी नको, कायदा नको. तीन साध्या गोष्टी सुचवितो. एक, जिथे वीज, पाणी, यंत्र यांचा संबंध येतो, तिथे ‘लाइन’ एकटी वापरू नका. विजेची की पाण्याची ते आधी म्हणा. ही गोष्ट आजच घरी जाऊन मुलांना सांगा. दोन, जिथे आपल्याजवळ नेमका शब्द आहे, तिथे तो वापरा. आणि तो मुलांना वापरून दाखवा, शिकवून नव्हे. पंगतीला पंगत म्हटले की जेवणारे मूल तो शब्द घासाबरोबर गिळते. तीन, आपल्या गावचे हे शब्द लिहून ठेवा. दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, हे फार मोठे काम. पण प्रत्येक गावचे रान, प्रत्येक अवजार आणि प्रत्येक बाईचे तोंड दोघाचौघांना कसे गाठता येणार? परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बियाण्यांचे जुने वाण जपावेत हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शब्दांचेही वाण असतात. ‘काकरी’, ‘पात’, ‘धुरा’ हे ज्यांच्या तोंडी अजून आहेत, अशा आजी-आजोबांच्या शेजारी एखादी वही घेऊन बसणारी चार मुले या गावात निघाली तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.

परवा आम्ही एका दुकानापुढून जात होतो. उन्हात पंचवीसएक माणसे ताटकळत उभी. विचारले, ‘कसली गर्दी?’ एक म्हातारा म्हणाला, ‘ऑनलाइनची लाइन आहे, पण लाइन नाही.’ म्हणजे अर्ज यंत्रावर भरायचा, त्यासाठी रांग लागली होती, आणि वीज गेलेली होती. एका वाक्यात तीन लाइनी, आणि तिघींचाही अर्थ आम्हांला तत्काळ कळला. त्या म्हाताऱ्याचे आम्हांला कौतुकही वाटले. शब्द असे खेळविता येणे हे जिवंत भाषेचे लक्षण आहे. रस्त्याच्या कडेला, उन्हात, चार माणसांत तो शब्द जरूर खेळवावा. तिथे चुकले तर हसू होते. विहिरीच्या काठावर मात्र खेळवू नये.

जवसाच्या निळ्या फुलातून निघालेला एक धागा रोमहून निघाला, इंग्लंडात वळला गेला, लोखंडाचा झाला, तांब्याचा झाला आणि परभणीच्या खांबावरून तुमच्या-आमच्या घरात आला. आपण त्याला दोन्ही हातांनी घेतले, ते बरेच केले. आता एवढेच पाहायचे की आपल्या घरातले जे धागे आहेत, ओवी आहे, ओळ आहे, तास आहे, पात आहे, ते त्याच्या गुंत्यात तुटू नयेत.

आणि व्याख्यान संपेपर्यंत लाइन गेली नाही, म्हणजे वीज गेली नाही, याबद्दल त्या खांबावरच्या अनाम माणसाचेही आम्ही आभार मानतो.